चंद्रप्रभाबाईंचं परमुलखी पाक्षिक

चंद्रप्रभाबाई वाहाणे यांना सर्बियन भाषा येते, ही गोष्ट दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होती. तिचं करायचं काय, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. लिफ्टमध्ये एखादा नवा भाडेकरू भेटला की त्यांचे यजमान राजाभाऊ मुद्दाम ओळख करून द्यायचे, "ही आमची मिसेस. हिला सर्बियन येतं." यावर भाडेकरू "अच्छा, सायबेरिया!" म्हणायचा आणि दिल्लीतल्या थंडीबद्दल बोलायला लागायचा.

बाईंनी ही भाषा काही आवडीनं निवडलेली नव्हती. वडील पोस्टात, नागपूरहून दिल्लीला बदलून आलेले. मुलगी बी.ए. झाली तेव्हा त्यांनी सांगितलं, परकीय भाषेचा डिप्लोमा कर, सरकारी नोकरीत उपयोगी पडतो. बाई युनिव्हर्सिटीत गेल्या. फ्रेंचच्या खिडकीपुढची रांग पार फाटकापर्यंत गेलेली. जर्मनच्या खिडकीपाशी मारामारी चाललेली. रशियनचे अर्ज सकाळीच संपलेले. शेवटच्या खिडकीत एक कारकून निवांत डबा खात बसला होता.

"ये कौन सी भाषा है?" बाईंनी विचारलं.

"युगोस्लाविया वाली."

"इसमें जगह है?"

कारकुनानं लोणच्याचं बोट चाटलं. "बहनजी, इसमें जगह ही जगह है."

झालं. पुढे परदेशी वर्तमानपत्रं वाचून त्यांचा गोषवारा वरती पाठवणाऱ्या एका सरकारी कचेरीत त्यांना नोकरी लागली. बेलग्रेडचे पेपर चांगले आठवडाभर शिळे होऊन यायचे. बाई ते वाचायच्या, गोषवारा लिहायच्या, वरचे साहेब त्यावर सही करायचे, आणि तो कागद कुठे जायचा हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. सगळं सुरळीत चाललं होतं. मग नव्वदच्या दशकात त्या देशाचे तुकडे पडले. बाईंच्या टेबलावर एक टिपण आलं : संबंधित भाषा सध्या कोणत्या देशाची आहे, हे संबंधित कर्मचाऱ्याने कळवावे. बाईंनी खाली लिहिलं, "निश्चित झाल्यावर कळवते." तिकडे एका भाषेच्या चार भाषा झाल्या, प्रत्येकीला वेगळं नाव, वेगळं सरकार. राजाभाऊ स्वतः जल आयोगात इंजिनिअर. ते म्हणाले, "नशीबवान आहेस. एक शिकलीस आणि चार पदरात पडल्या. माझं गणित बघ, होतं तेवढंच राहिलं."

बाई निवृत्त झाल्या, मुलगा निखिल नोकरीसाठी नोएडाला राहायला गेला, आणि सर्बियन भाषा घरातल्या जुन्या शिलाई मशीनसारखी एका कोपऱ्यात झाकून पडली. ती बाहेर निघाली एका धुक्याच्या दिवशी.

झालं असं. राजधानी मराठी स्नेहमंडळानं जानेवारीत मराठी भाषा पंधरवडा साजरा करायचं ठरवलं. मंडळाचे अध्यक्ष सुधाकरराव देवस्थळी. केंद्रात सहसचिव म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी फायलींवर इंग्रजीत शेरे मारले आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून मराठीच्या शुद्धतेचा वसा घेतला. त्यांच्यासमोर कुणी 'मोबाईल' म्हटलं तर ते 'भ्रमणध्वनी' म्हणून दुरुस्त करायचे, आणि तोवर समोरच्याचा फोन वाजून बंद पडलेला असायचा. त्यांनी पुण्याहून एक नामांकित वक्ते बोलावले. कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या जुन्या सदनाचा हॉल घेतला. माणसं जमली, समई लागली, आणि कळलं की दिल्लीतल्या धुक्यामुळे वक्त्यांचं विमान पुण्याहून उडालेलंच नाही.

सुधाकरराव स्टेजवरून उतरून थेट तिसऱ्या रांगेत बाईंपाशी आले. "वाहाणेबाई, तुम्ही भाषेतल्या आहात. अर्धा तास काहीतरी बोला."

"कुठल्या भाषेवर?"

"कुठल्याही! चहा सहाला येणार आहे. तोवर लोकांना धरून ठेवायचंय."

"मग माझ्याकडे एकच मोकळी आहे," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

शेजारी राजाभाऊंनी डोळे मिटून घेतले. त्यांना पुढचं दिसलं होतं.

चंद्रप्रभाबाईंनी माईक हातात घेतला आणि सर्बियन भाषेतल्या पहिल्या वर्तमानपत्राची गोष्ट सांगायला सुरुवात केली. "हे पत्र सर्बियात निघालं नाही," त्या म्हणाल्या. "सर्बियात निघायला सर्बिया हवा होता ना! तिथले निम्मे लोक तुर्कांच्या राज्यात, निम्मे ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या. पत्र निघालं सतराशे एक्क्याण्णवमध्ये, व्हिएन्नात. म्हणजे बादशहाच्याच दारात. काढलं कुणी? सर्ब माणसानं? छे. दोन ग्रीक भावांनी. त्यांचा छापखाना होता. आणि भाषा कुठली? तर थोडी देवळातली जुनी, थोडी रशियन, आणि चवीपुरती घरची. म्हणजे बघा, सर्बांचं पहिलं वर्तमानपत्र, परक्याच्या गावात, परक्याच्या छापखान्यात, आणि भाषा अशी की सर्ब शेतकऱ्याला वाचून दाखवली तर तो हात जोडून उभा राहील. त्याला वाटेल पूजा चाललीय."

हॉलमध्ये पहिल्यांदा हसू फुटलं. मागच्या रांगेतले लोक फोन खिशात ठेवून सरसावून बसले.

"पुढे काय झालं?" कुणीतरी विचारलं.

"बंद पडलं. मग लगेच दुसरं एक निघालं, तेही व्हिएन्नातच. एका सर्ब गृहस्थानं काढलं. तेही बंद पडलं. वर्गणीदार पुरेनात. माणसं अशीच असतात. भाषेसाठी जीव देतील, वर्गणी देणार नाहीत."

पहिल्या रांगेतले मंडळाचे खजिनदार यावर इतक्या जोरात टाळ्या वाजवू लागले की चहावाला दारातून डोकावून गेला.

सुधाकरराव आभार मानायला उठले. म्हणाले, "विषय माहितीपूर्ण होता. मराठीशी त्याचा संबंध काय, हे मात्र वाहाणेबाईंनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

त्यावर गुडगावहून आलेली एक तरुणी उभी राहिली. सुखदा तिचं नाव, पुण्याची, एका आयटी कंपनीत कामाला. म्हणाली, "सर, मला तर लगेच कळला. माझा मुलगा काल म्हणाला, 'आई, मला भूक लग रही आहे.' आपली मराठी पण ती देवळातली, रशियन आणि चवीपुरतीच झालीय ना?" मग बाईंकडे वळून तिनं विचारलं, "काकू, दिल्लीत आपलं मराठी वर्तमानपत्र आहे का एखादं?"

"आपली वार्षिक स्मरणिका असते," सुधाकरराव म्हणाले.

"तिच्यात फक्त तुमचे फोटो असतात, देवस्थळीसाहेब," बाई म्हणाल्या. माईक अजून चालू होता. हॉल असा हसला की समईच्या ज्योती हलल्या. बाईंना तो हशा चढला. आयुष्यात कुणी त्यांच्या गोषवाऱ्यावर हसलं नव्हतं, रडलं नव्हतं, काहीच केलं नव्हतं. त्या भरात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नसलं तर काढू की! त्यात काय!"

घरी येताना मेट्रोत राजाभाऊंनी आधी बाईंना बसायला जागा मिळवून दिली. मग म्हणाले, "त्यात काय म्हणजे त्यात काय काय असतं, हे तुला माहीत आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर म्हटलं."

नावावरूनच पहिली ठिणगी पडली. सुधाकररावांनी 'राजधानी-गर्जना' सुचवलं. बाई म्हणाल्या, "चार पानं आणि गर्जना? खोकला म्हणा फार तर." त्यांनी नाव ठेवलं 'इकडचं'. खाली बारीक अक्षरात 'खाजगी वितरणासाठी', म्हणजे सरकारी कटकट नको. दर पंधरा दिवसांनी निघणार. सुधाकररावांनी एकच अट घातली, भाषा शुद्ध हवी.

'शुद्ध' हा शब्द ऐकला की चंद्रप्रभाबाईंच्या कपाळाला आठी पडायची. नागपुरात शाळेत असताना एक शिक्षिका त्यांच्या वस्तीतल्या मुलींना वेगळं उभं करून 'शुद्ध बोला' म्हणायच्या. पोरी जितक्या शुद्ध बोलायच्या तितक्या त्या शिक्षिका जास्त हसायच्या. तो वर्ग आठवला की आजही बाईंचा आवाज खाली यायचा, आणि आवाज खाली आला की राजाभाऊ खोलीतून बाहेर जायचे. बाई सुधाकररावांना त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, लोक बोलतात तसं छापायचं. व्हिएन्नावाल्यांनी देवळातली भाषा छापली. काय झालं ते सांगितलंय मी."

"ते वर्गणीअभावी बंद पडलं, असं तुम्हीच म्हणालात."

"कळत नसलेल्या गोष्टीची वर्गणी कोण देतं?"

सुधाकररावांनी यावर लेख दिला. 'मराठीचे भवितव्य', दोन पानी.

छापखाना मिळाला पहाडगंजात, मराठी शाळेपासून दोन गल्ल्या आत. मालक दोन भाऊ, बडे कालरा आणि छोटे कालरा. धंदा लग्नपत्रिकांचा. दोघांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण लिपी तीच आहे म्हटल्यावर दोघेही खूश. राजाभाऊ कानात पुटपुटले, "घ्या, ग्रीक भाऊ मिळाले."

मजकूर निखिल नोएडाहून टाईप करून पाठवायचा. कालरा बंधूंचा दोष एकच होता, ते फार सेवाभावी होते. मजकूर लावताना चूक दिसली की न विचारता सुधारून टाकायचे. आणि त्यांना सगळ्यात मोठी चूक कोणती दिसली असेल, तर ळ.

"मॅडम जी, आपके लड़के ने टाइपिंग में बहुत गलतियाँ की थीं," छोटे कालरा पहिलं प्रूफ देताना अभिमानानं म्हणाले. "हर जगह ये टेढ़ा वाला ल डाल रखा था. हमने सब सीधे कर दिए. फ्री में."

बाईंनी प्रूफ वाचलं. कुणाच्या तरी बाळाचं बारसं होतं, ते 'बालाचं बारसं' झालं होतं. तिळगूळ 'तिलगूल' झाला होता. नळाला पाणी नसल्याची बातमी 'नलाला पाणी नाही' अशी होती, म्हणजे नल नावाच्या कुणा राजाला तहान लागल्यासारखी. आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरात लेखकाचं नाव होतं : सुधाकर देवस्थली. बाईंनी बसल्या जागी सगळे ल वाकडे करायला लावले. छोटे कालरा हळहळले, "इतनी मेहनत लगी थी जी सीधे करने में." तरी दोन-चार ल सरळ राहून गेलेच, आणि त्यांतला एक नेमका देवस्थळींचा.

अंक वाटला गेला आणि रविवारी सकाळी सुधाकररावांचा फोन आला. बाईंना वाटलं नावावरून असणार. पण सुधाकररावांचा आवाज घोगरा होता. "वाहाणेबाई, फार वाईट झालं हो लताबाईंचं. काल तर बोललो होतो."

"काय झालं लताला?"

"म्हणजे? तुम्हीच तर छापलंय."

बाईंनी अंक उघडला. तिसऱ्या पानावर मथळा होता, मोठ्या अक्षरात आणि काळ्या चौकटीत, कारण छोटे कालरांना चौकटी आवडायच्या :

लता सबनीस वारली

मथळ्याचा उरलेला भाग, 'चित्रांचे प्रदर्शन भरवणार', जागा पुरली नाही म्हणून शेजारच्या रकान्यात, गव्हाच्या खिरीच्या कृतीवर जाऊन बसला होता.

बाई खुर्चीत बसल्या. राजाभाऊंनी चष्मा लावून मथळा वाचला, मग पुन्हा वाचला, आणि मग ते बाथरूममध्ये गेले. आतून कितीतरी वेळ नळ सोडल्याचा आवाज येत होता, पण हसणं त्यातूनही ऐकू येत होतं.

लता सबनीस यमुनेपलीकडे मयूर विहारला राहायच्या. शाळेत चित्रकला शिकवायच्या, आता निवृत्त. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी परदेशात. मंडळाच्या कार्यक्रमांना यायच्या, कडेला बसायच्या, चहा घेऊन निघून जायच्या. बाई आणि राजाभाऊ टॅक्सी करून तिथे पोचले तेव्हा इमारतीखाली पांढऱ्या कपड्यातली मंडळी जमली होती. कुणी हार आणले होते. एकानं पुरोहिताला फोन लावून ठेवला होता. सुधाकरराव पांढऱ्या सदऱ्यात, हात मागे बांधून उभे होते, कारण वर जायचं धाडस कुणालाच होत नव्हतं.

"मी जाते," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. बाकीचे मागोमाग जिना चढले.

बेल वाजवली. दार उघडलं. दारात लताबाई, हात कोपरापर्यंत पांढऱ्या रंगानं माखलेले, केसांत ब्रश खोवलेला. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग जिन्यावरच्या रांगेकडे, मग हारांकडे.

"अय्या," त्या म्हणाल्या, "प्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे."

कुणीतरी हुंदका दिला, कुणीतरी हसलं, आणि पुरोहिताला फोन लावलेला माणूस "कॅन्सल, कॅन्सल" म्हणत खाली पळाला. बाईंनी अंक पुढे केला. लताबाईंनी मथळा वाचला. त्यांची मान हलायला लागली. चंद्रप्रभाबाईंना वाटलं ही आता रडणार. पण लताबाई भिंतीला टेकून हसत होत्या, इतक्या की भिंतीवर पांढऱ्या हातांचे ठसे उमटले.

"या, या सगळे," त्या म्हणाल्या. "माझ्या घरी एवढी माणसं ह्यांच्या वेळेनंतर आलीच नाहीत. चहा टाकते. हार राहू देत, फुलं चांगली आहेत."

मंडळी आत शिरली. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून काही जण पलंगावर, काही जमिनीवर बसले. मग एकेकानं कबूल करायला सुरुवात केली, यायचं होतं हो केव्हापासून, पण यमुनापार म्हटलं की जीवावर येतं. लताबाई सगळ्यांना ऐकून घेत होत्या आणि साखर विचारत होत्या.

सुधाकरराव मात्र कोपऱ्यात अंक वाचत अस्वस्थ बसले होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. "चूक एकवेळ क्षम्य आहे," ते म्हणाले. "पण 'वारली'? एवढ्या ज्येष्ठ भगिनीबद्दल? किमान 'वारल्या' तरी लिहायचं!"

आता मात्र चंद्रप्रभाबाईंनाही हसू आवरलं नाही. सुधाकररावांना आधी कळेना काय झालं. मग त्यांच्या ध्यानात आलं, आणि तो माणूस, ज्याला मंडळात कुणी दात दाखवताना पाहिलं नव्हतं, डोळे पुसेपर्यंत हसला.

पुढच्या अंकात खुलासा आला. तो राजाभाऊंनी लिहिला आणि बाईंनी घाईत वाचला : 'श्रीमती लता सबनीस जिवंत आहेत. याबद्दल संपादक दिलगीर आहेत.' हा खुलासा दिल्लीपासून फरीदाबादपर्यंत घराघरात फिरला. लोक अंक मागायला लागले. सुखदाच्या ऑफिसात तिच्या मराठी न येणाऱ्या साहेबानंही एक प्रत टेबलाच्या काचेखाली लावली. प्रदर्शनाला इतकी गर्दी झाली की लताबाईंची चित्रं माणसांमागे दिसेनाशी झाली, आणि त्या दारात उभ्या राहून प्रत्येकाला सांगत होत्या, "हो, मीच ती."

एक मात्र झालं. सुधाकररावांनी जाहीर केलं की अशा बेजबाबदार हातांत मराठी सोडून चालणार नाही. दर पंधरवड्याला ते मेट्रोनं पहाडगंजला जायला लागले आणि कालरा बंधूंच्या शेजारी स्टूल घेऊन बसायला लागले. बाईंना वाटलं आता भ्रमणध्वनीचं राज्य येणार. पण छापखान्यात वेगळंच चालू होतं. बडे कालरा विचारायचे, "सर जी, ये ळ बोलते कैसे हैं?" सुधाकरराव जीभ टाळ्याला लावून दाखवायचे. दोघे भाऊ करून बघायचे. बाहेर रिक्षावाले थांबून ऐकायचे. दुपारी छोल्यांची प्लेट यायची. सहसचिव असताना त्यांच्याबरोबर जेवायला कुणी बसत नसे, इथे तिघं एकाच प्लेटीतून खायचे. महिन्याभरानं सुधाकररावांनी दिलेल्या लेखात 'कालरासाहेबांच्या दुकानात एकदम मस्त माहोल होता' असं वाक्य आलं. बाईंनी ते कापलं नाही. राजाभाऊंना दाखवलं फक्त.

भांडणं थांबली नाहीत. सुखदानं मुलाच्या बोलण्याचं सदर सुरू केलं, तेव्हा सुधाकररावांनी राजीनामा दिला. चार दिवसांनी परत घेतला. सदरात एकदा त्यांचाच नातू आला, "आजोबा, तुम्ही इतना कठीण का बोलता?" तेव्हा त्यांनी दुसऱ्यांदा राजीनामा दिला. तो बाईंनी छापला. त्यावर तीन वाचकांची अभिनंदनाची पत्रं आली, मग मात्र त्यांनी तो कायमचा परत घेतला.

'इकडचं' दोन वर्षं चाललं. मग कालरा बंधूंची वाटणी झाली. दुकान मोठ्यानं घेतलं, मशीन धाकट्यानं, आणि त्या दोघांतलं बोलणं कुणीच घेतलं नाही. छपाई थांबली. नेमके तेव्हाच चंद्रप्रभाबाईंचे गुडघे बोलू लागले. पहाडगंजला जाताना मेट्रोच्या जिन्यावर त्या मध्येच बसायच्या. एक दिवस त्यांनी घरी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, "व्हिएन्नात दोन वेळा बंद पडलं. आपलं एकदा पडलं. त्यात लाज नाही."

"काकू, बंद कशाला?" सुखदा म्हणाली. "मी काढते. फोनवर. प्रिंट विंट नको."

बाईंना ते आधी लागलं. आपण बंद केलेली गोष्ट दुसऱ्यानं चालू ठेवणं म्हणजे काय, हे कळायला त्यांना आठवडा लागला. त्या आठवड्यात त्या राजाभाऊंशी नीट बोलल्या नाहीत. मग बाईंनी स्वतःच सुखदाला फोन केला आणि सगळे पत्ते, सगळे नंबर सांगून टाकले. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचं नाव कुणाच्या वर छापायचं नाही, तेही सांगितलं. ते सांगायलाच जास्त वेळ लागला.

आता 'इकडचं' फोनवर येतं. वाचक पूर्वीपेक्षा जास्त आहेत, जयपूरचे आणि चंदीगडचेही. चंद्रप्रभाबाई त्यात महिन्यातून एकदा लिहितात. गेल्या खेपेला त्यांनी उत्तर दिल्लीतल्या हिंदूरावच्या टेकडीवर माकडांनी एका मराठी सहलीचे डबे कसे पळवले ते लिहून पाठवलं. संध्याकाळी सुखदाचा फोन आला.

"काकू, छान आहे, पण लांब आहे. अर्धं करा. आणि उद्या सकाळपर्यंत हवंय, प्लीज."

"अर्धं? अगं, मी संपादक असताना तुझं एक अक्षर कापलं होतं का?"

"नाही ना काकू. म्हणून तर लोक शेवटपर्यंत वाचायचे नाहीत."

बाईंनी फोन ठेवला. राजाभाऊ पेपरामागून बघत होते. "काय म्हणते?"

"कापा म्हणते. कालची पोर!" असं म्हणत बाईंनी चष्मा लावला आणि उशी पाठीशी घेतली. मग माकडांचं काय ठेवायचं आणि सहलीचं काय, यावर त्या जेवणाची वेळ टळून जाईपर्यंत राजाभाऊंशी भांडत बसल्या.